ऋतुजाचा रिपोर्ट

प्रिय भागवत,

पत्राच्या सुरुवातीला तुला 'अनेक आशीर्वाद' लिहायची माझी जुनी सवय. आज ते दोन शब्द लिहून खोडले आणि कागद बदलून पुन्हा सुरुवात केली. रागावू नकोस असं म्हणणार नाही. रागाव, फक्त शेवटपर्यंत वाच. फोन केला असता, पण तुझा फोन बैठकीत स्पीकरवर असतो, चार माणसं चहा पीत ऐकत असतात. शिवाय फोनवर तू 'आक्का' म्हणालास की माझं बळ जातं. तीन वर्षांपूर्वी तसंच गेलं होतं.

तुझी ऋतुजा माझ्याकडे आहे, हे तिच्या आईनं, बबितानं, तुला सांगितलंच असेल. टाके काढून बारा दिवस झाले. जखम कोरडी आहे, ताप नाही, अर्धी भाकरी खाते. माझ्या ड्युटीच्या वेळी शेजारच्या साखराबाई तिच्यापाशी बसतात. बोलत मात्र नाही. काल तिनं स्वतःहून वेणी घातली, तेवढीच सांगण्यासारखी बातमी. तू गावात सगळ्यांना सांगितलंस की पोरीला दिवस गेले होते, पण राहिलं नाही. तसं झालेलं नाही. काय झालं ते तुला नीट कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि तू ऐकलं नसशील. म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कॅज्युअल्टीत अंगद डॉक्टर होते, मेडिकल कॉलेजकडून वर्षभरासाठी आलेले. त्यांनी एक पद्धत सुरू केली होती. तेरा ते एकोणीस वर्षांचं कुणीही आलं, मग ते मोटारसायकलवरून पडलेलं असो, विंचू चावलेलं असो की पोट दुखणारं असो, आधी जे दुखतंय त्याचा इलाज करायचा आणि जरा स्थिर झालं की पडदा ओढून, घरच्यांना बाहेर बसवून, एक कागद हातात द्यायचा. त्यावर शरीरसंबंधांबद्दल सहा प्रश्न. बोलायची गरज नाही, नुसती खूण करायची. त्यातल्या एखाद्या प्रश्नाला हो असेल आणि पोराची तयारी असेल, तर लघवीची बाटली प्रयोगशाळेत जायची. संबंधातून लागणारे आजार त्यात कळतात. आम्ही पाच नर्स पहिल्या दिवशी माना खाली घालून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ही पोरं दुसऱ्या कुठल्याच दवाखान्यात जात नाहीत. ओपीडीत जायला बापाची परवानगी लागते, भाडं लागतं. इथं ती येतात, कारण हात मोडलाय. आलीच आहेत तर विचारून घ्या."

मग त्यांनी फळ्यावर गर्भपिशवीचं आणि दोन्ही नळ्यांचं चित्र काढलं. खालून आजार लागतो, वर्षानुवर्षं कळतही नाही, कधी अंगावर पांढरं जातं, कधी ओटीपोटात कळ येते, बाई घरात कुणाला सांगत नाही, आणि आत नळ्या हळूहळू चिकटत जातात. एवढं सांगून ते पुढच्या मुद्द्याकडे गेले. मी मात्र त्या चित्रापाशीच राहिले. भागवत, मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. दहावीचा निकाल लागायच्या आधी माझं लग्न झालं. सोळाव्या वर्षी पोटात अशी कळ यायची की जात्यावरून उठता यायचं नाही. सासू म्हणायची, कामाचा कंटाळा. चार वर्षांनी त्यांनी मला परत पाठवलं, मूल होत नाही म्हणून. त्यांच्या मुलाला दुसरीपासून झालं की नाही, मी कधी चौकशी केली नाही. माझ्या पोटात नेमकं काय झालं होतं हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही, कारण कुणी तपासलंच नाही. पण त्या फळ्यासमोर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की कदाचित मी वांझ नव्हते. मी आजारी होते.

मला न्यायला तूच आला होतास. सतरा वर्षांचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. माझी पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून तू दिंद्रुडच्या स्टँडपर्यंत चालत आलास आणि वाटेत एकदाही विचारलं नाहीस की मूल का झालं नाही. घरी दादांनी माझं दुसरीकडे जमवायचं काढलं, बिजवराशी, तर तू त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालास, "आक्का शिकंल, न्हाईतर मी बी शाळा सोडतो." त्या एका वाक्यावर माझं नर्सिंग झालं, नोकरी लागली, हे दोन खोल्यांचं घर झालं. म्हणून पुढची तीस वर्षं तू जे म्हणशील त्याला मी हो म्हणत आले. तुझे उपकार फेडतेय असं मला वाटायचं. खरं तर मला तुझी सवय झाली होती.

ऋतुजाच्या साखरपुड्याला मी आले होते. व्याही सुंदररावांचं घर, जेसीबीच्या मशिनी, दारात दोन गाड्या, आणि तुला पंचायत समितीचं तिकीट हवं होतं. पोरगी सोळाची आहे, असं मी म्हणाले, तर तू हसून म्हणालास, "आक्का, नुसती सुपारी फोडलीय. लगीन अठरा झाल्यावर." त्यावर माझा विश्वास बसला. बसला म्हणण्यापेक्षा मी बसवून घेतला.

मग तो मार्चमधला दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. बबिता रिक्षातून तिला घेऊन आली. पोरगी पोट धरून वाकलेली, अंगात ताप. बबिता म्हणाली, "गावातले डॉक्टर अपेंडिक्स हाय म्हणत्यात." केसपेपरवर अविवाहित लिहिलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, आणि तासाभरानं मला म्हणाले, "सिस्टर, कागद." सख्ख्या आत्यानं विचारायला नको होतं, पण त्या पाळीला दुसरी नर्स नव्हती. बबिताला बाहेर बसवलं, पडदा ओढला, तिच्या हातात कागद आणि पेन दिलं. ती बराच वेळ वाचत होती. चौथ्या प्रश्नापाशी तिनं खूण केली आणि कागद उलटा करून माझ्याकडे दिला. म्हणाली, "आत्या, लगीन झालंय माझं. डिसेंबरमधी. शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी. तुला सांगायचं न्हाई म्हणून बाबानं शपथ घातलीय." मंगळसूत्र बबिताच्या पर्समध्ये होतं. मग म्हणाली, "अंगावरून जातंय, लई दुखतंय. सासूला सांगितलं तर म्हणली, नव्या नवरीला होतंच."

मी तिला बाटली दिली. लघवी घेऊन बाटली बंद करून, चिठ्ठी चिकटवून पेटीत ठेवली. एवढं मी बरोबर केलं. कागद मात्र मी डॉक्टरांना दिला नाही. एप्रनच्या खिशात घातला. कारण अठराच्या आतलं असं काही कळलं की पोलिसांना कळवावं लागतं, हा कायदा आहे. म्हणून तर कितीतरी डॉक्टर विचारतच नाहीत. विचारलं नाही की कळत नाही, आणि कळलं नाही की कळवावं लागत नाही. मी विचारलं होतं, मला कळलंही होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर पोलिसांच्या गाडीत बसलेला तू दिसत होतास. पलंगावर वाकून पडलेली ती दिसत असताना मी तुझा विचार केला.

डॉक्टरांना कागदाशिवायही शंका आलीच. ते म्हणाले, रिपोर्टची वाट नको बघायला, ॲडमिट करू आणि आत्ताच औषध सुरू करू. एक इंजेक्शन आणि चौदा दिवसांच्या गोळ्या, एवढाच इलाज होता, सगळा सरकारी कपाटात होता. मी इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं आणि तेवढ्यात तू आलास. बबितानं तुला फोनवर सांगितलं होतं की पोरीला एकटीला पडद्याआड नेऊन काहीतरी लिहून घेतलं. तू दोन माणसं घेऊन आत आलास. डॉक्टरांना म्हणालास, "आमच्या लेकीला असले प्रश्न इचारता? तुमाला आया-बहिनी हायत का न्हाई?" डॉक्टर शांतपणे समजावत होते. तू 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' असं लिहून सही केलीस आणि तिला उचलून नेलंस. जाताना माझ्याकडे बघितलंस.  ट्रेमधलं इंजेक्शन नंतर मी ओतून दिलं. तिकडे खासगीत त्यांनी तिचा अपेंडिक्स काढला. पोटदुखी राहिली ती राहिलीच.

पुढच्याच आठवड्यात तू बायकांचा मोर्चा आणलास. पोरींना नको ते शिकवतात, अब्रू घालवतात, अशा घोषणा. त्यातल्या दोघी-तिघींच्या मुली आमच्याकडे तपासून बऱ्या होऊन गेल्या होत्या, आणि त्या बायकांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी खिडकीतून बघत होते. दवाखान्याच्या साहेबांनी घाबरून तो प्रकार बंद केला. प्रश्नांचे उरलेले कागद पाठकोरे म्हणून वापरायला काढले. अंगद डॉक्टर मुदतीआधीच परत गेले. निघताना त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशीच्या मुलीचा कागद तुम्हाला सापडला का, सिस्टर?" मी म्हणाले, नाही सापडला. त्यांना ते खोटं वाटलं की खरं, कळलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

ते गेल्यावर दोन दिवसांनी रिपोर्ट आला. रिपोर्टची नोंदवही माझ्याकडे होती, म्हणून पाकीट माझ्याच हातात पडलं. दोन आजारांची तपासणी होती, दोन्ही पॉझिटिव्ह. मी औषधांच्या खोलीत जाऊन तुला फोन केला. तू ऐकून घेतलंस.  मग म्हणालास, "आक्का, तो कागद फाडून टाक. पोरीचं घर मोडंल. माझं सगळंच मोडंल." मी म्हणाले, औषध तरी देऊ, आणि जावयालाही घ्यावं लागेल, नाहीतर पुन्हा लागेल. तू म्हणालास, "त्याला कोन सांगनार? तू कावून इतकी मधी पडतीस? तुला लेकरू असतं तर कळलं असतं." ते शेवटचं वाक्य तुला आठवत नसेल. मला त्यातला एकेक शब्द पाठ आहे. तरीही मी रिपोर्ट फाडला. चार तुकडे केले आणि पिवळ्या बादलीत टाकले, जिथं आम्ही रक्ताचे बोळे टाकतो.

नागपंचमीला मी बांगड्यांच्या खोक्यात गोळ्या घालून तिच्या सासरी गेले. तिला समजावलं, रोज दोन घे, आणि त्यांनाही घ्यायला सांग. तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं मी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी सासूला गोळ्या सापडल्या. त्या मूल न होण्याच्या आहेत असं समजून तिनं त्या न्हाणीत ओतल्या आणि आत्याबाईनं येऊ नये असा निरोप पाठवला. तू मला फोन करून झापलंस. मी बरं म्हणाले. भागवत, त्यानंतर दोन वर्षं मी काहीही केलं नाही. कॅज्युअल्टीत पोट धरून पोरी येत राहिल्या, कुंकू पुसून, मंगळसूत्र काढून, आयांच्या मागं. आम्ही केसपेपरवर अविवाहित लिहीत राहिलो, पोटदुखीची गोळी देत राहिलो. मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. मी विचारत नव्हते.

गेल्या महिन्यात ती परत आली. सकाळी दहाला. जावयानं, हनुमाननं, गाडीतून आणलं आणि तो बाहेर फोनवर बोलत राहिला.  हनुमान बाहेर उभा होता आणि स्ट्रेचरवर पोरगी कागदासारखी पांढरी. नाडी लागत नव्हती. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. दोन्ही हातांना सलाईन लावून मी तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसले. बीडला पोचेपर्यंत ती एकदाच बोलली. म्हणाली, "आत्या, त्या गोळ्या मी तीन दिवस घेतल्या हुत्या." मला वाटतं, आपली चूक नाही हे तिला मला सांगायचं होतं. सर्जन मॅडमनी फुटलेली नळी काढली. दुसरीही चिकटलेली आहे म्हणाल्या. यापुढे दिवस राहणं अवघड. त्या अवघड म्हणाल्या. तीस वर्षं दवाखान्यात काढल्यावर मला त्या शब्दाचा अर्थ कळतो. त्यांनी मला हेही विचारलं, की एवढ्या लहान वयात नळ्या इतक्या खराब कशा, आधी काही तपासणी झाली होती का. मी पहिल्यांदा खरं बोलले. म्हणाले, झाली होती.

तिला शुद्ध आल्यावर मी सगळं सांगितलं. रिपोर्ट, तुझा फोन, मी केलेले चार तुकडे. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल. तिनं विचारलं, "मंजी तवा औषध हुतं?" मी हो म्हणाले. "आपल्याच दवाखान्यात?" मी हो म्हणाले. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. परवा बबिता आली होती. ऋतुजाच्या उशाशी बसून आधी नुसती रडली, मग सांगितलं. सुंदररावांना वारस हवा, हनुमानचं दुसरं करणार, आणि तू त्यांना धाकटी आरोही द्यायचं कबूल केलंस. "घरातली पोरगी घरातच ऱ्हाईल, नातं तुटायचं न्हाई, आसं म्हणत्यात," हे बबिताचे शब्द. आरोही पंधराची आहे, भागवत. आणि हनुमानला आजवर कुणीही, एकदाही तपासलेलं नाही. मी काल बीडला जाऊन महिला व बालविकासच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. आरोहीच्या लग्नाची तारीख आणि आखाड्याचा पत्ता दिला. ऋतुजाच्या वेळचंही सगळं लिहून दिलं, मी लपवलेला कागद आणि फाडलेला रिपोर्ट यांच्यासकट. माझी नोकरी जाईल, बहुतेक गुन्हाही दाखल होईल. तो माझ्यावर व्हायलाच हवा. अंगद डॉक्टरांनाही कळवलंय की कागद तेव्हा माझ्या खिशात होता. हे पत्र मी आज पोस्टात टाकणार नाही. ते लोक तुझ्या दारात येऊन, आरोहीचा जबाब घेऊन गेले, की मग टाकीन. कारण आधी कळलं तर तू तारीख बदलशील, हे मला माहीत आहे, आणि तुझ्याबद्दल असं काही मला माहीत असावं याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. तक्रार कुणी केली म्हणून तू गावभर नावं घेत फिरू नयेस, कुणा गरिबावर राग काढू नयेस, एवढ्यासाठी हे लिहिलं. तक्रारीवर सही माझी आहे. ऋतुजाला विचारलं, बाबांना काही लिहायचंय का. ती नाही म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आरोहीला लिही. म्हणावं, येताना दहावीची पुस्तकं घेऊन ये, इथं जागा हाय."

अजूनही तुझीच,
शिवकन्या आक्का